फिल्म एक, मतं दोन

प्रश्न : माझी भाची 31 वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून तिच्या डाव्या हाताला आणि डाव्या गालाला अधूनमधून मुंग्या येतात, कधी चक्करही येते. फॅमिली डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करून घेतला. रिपोर्टमध्ये काही पांढरे ठिपके असल्याचं लिहून पुढे ‘डिमायलिनेशन?’ असं प्रश्नचिन्ह टाकलं आहे. एक डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतो. दुसऱ्यांनी तीच फिल्म पाहून सांगितलं, हे अर्धशिशीचे ठिपके आहेत, निर्धास्त राहा. तिला कॉलेजपासून अर्धशिशी आहे हे खरं आहे. पण फिल्म एकच, मग दोन जाणकारांची मतं इतकी वेगळी कशी? आणि मधुमेहाला साखर तपासतात तशी या रोगाची एक सरळ रक्ततपासणी का नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचा घोळ त्यातूनच सुटतो. मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे एमएसची, अशी एक रक्ततपासणी आजवर नाही. मधुमेहात जे बिघडतं तेच मोजता येतं. एमएसमध्ये बिघाड होतो तो मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यामागची नस यांच्या आत. तिथल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टन असतं, त्याच्यामुळे संदेश वेगाने जातात. शरीराच्याच प्रतिकारशक्तीतल्या पेशी या वेष्टनावर हल्ला चढवतात; रिपोर्टमधलं ‘डिमायलिनेशन’ म्हणजे हे वेष्टन झडणं. हल्ला कुठे होईल याला नेम नाही. डोळ्याच्या नसेवर झाला तर एका डोळ्याने अंधुक दिसतं, मेंदूच्या देठात झाला तर एकाचे दोन दिसतात, मज्जारज्जूत झाला तर पाय जड होतात, नाहीतर लघवी तुंबते. एमएसचे दोन रुग्ण शेजारी बसवले तर दोघांना एकच आजार आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये, इतकी तऱ्हा वेगळी.

मग निदान कारणावरून का करू नये? 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पटींनी वाढतो, असं त्यात दिसलं. शोध महत्त्वाचाच. पण या विषाणूची लागण जगातल्या बहुतेक प्रौढांना कधी ना कधी होऊन गेलेली असते. तुमच्या भाचीच्या रक्तात त्याच्या खुणा सापडतील, तशा माझ्याही सापडतील. त्यावरून कोणाला एमएस आहे हे ठरत नाही.

म्हणून या रोगाचं निदान करण्याची रीत वेगळी आहे. मज्जासंस्थेच्या निरनिराळ्या जागी आणि निरनिराळ्या वेळी असे हल्ले झाल्याचा पुरावा हवा. शिवाय त्या सगळ्याचा अधिक पटणारा दुसरा खुलासा नसावा. माझ्या मते घाईत सगळ्यात जास्त गाळली जाते ती ही शेवटची अट.

ही रीत यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा एक नातू होता, ऑगस्टस डेस्टे. 1822 च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो स्कॉटलंडमध्ये एका आप्ताकडे गेला, पण पोचेपर्यंत त्या आप्ताचं निधन झालं होतं. अंत्यविधीनंतर लगेच डेस्टेची नजर इतकी मंदावली की आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही काळाने काहीही उपचार न करता डोळे पूर्ववत झाले. पुढे 1827 मध्ये तो इटलीत फ्लॉरेन्सला असताना त्याला एकाचे दोन दिसू लागले. ते ओसरतं न ओसरतं तोच पायांतली ताकद गेली. तिथल्या डॉक्टरांनी दिवसातून दोनदा बीफस्टेक आणि त्यासोबत तऱ्हेतऱ्हेची वाइन असा खुराक लिहून दिला. राजघराण्यातला रुग्ण असल्याने पथ्यही राजेशाही! पुढे बधिरपणा, लघवीचा त्रास, पायांत पेटके असं एकेक वाढत गेलं. 1848 मध्ये तो वारला, तोवर या रोगाला नावही नव्हतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तां शार्को यांनी त्याचं व्यवस्थित वर्णन केलं ते 1868 मध्ये.

पण डेस्टेने एक काम चोख केलं होतं. तो तारीखवार डायरी लिहीत असे. शंभर वर्षांनी, 1940 च्या दशकात, डग्लस फर्थ या डॉक्टरांच्या हाती ती डायरी आली आणि त्यांनी नुसत्या वाचनावरून निदान केलं: एमएस. आधी डोळे, पाच वर्षांनी दुहेरी दिसणं, मग पाय. जागा वेगळ्या, साल वेगळं आणि मधल्या काळात आपोआप सुधारणा. रुग्ण समोर नाही, रक्त नाही, फिल्म नाही, तरी आज कोणी न्यूरॉलॉजिस्ट त्यावर फारसा वाद घालत नाही.

आता तुमच्या पत्राकडे येऊ. त्यात रिपोर्टमधली ओळ अचूक उतरवली आहे, पण एक गोष्ट लिहायची राहिली: मुंग्या आल्या की त्या किती वेळ टिकतात? वीस मिनिटं, की वीस दिवस? दोन डॉक्टरांच्या मतांतलं अंतर बहुधा या एका उत्तराने मिटेल.

कारण लक्षणांची चाल हीच या शास्त्रातली मोठी खूण आहे. लकवा मिनिटभरात गाठतो. माणूस चहा पिता पिता कप सोडतो. अर्धशिशीतल्या मुंग्या सरकत जातात: बोटांपासून सुरू होतात, हातावर चढतात, मग त्याच बाजूचा गाल, ओठ आणि जीभ. हा सगळा प्रवास पाऊण-एक तासात संपतो आणि मागून डोकं ठणकू लागतं. हात आणि गाल ही जोडी तर अर्धशिशीची अगदी ओळखीची. मेंदूतली गाठ महिनोन्महिने एकाच दिशेने वाढत जाते. एमएसचा हल्ला या सगळ्यांहून निराळा. आज बोटं बधिर, उद्या मनगटापर्यंत, आठवड्याने सगळा हात, असा तो काही दिवस चढतो, काही आठवडे मुक्काम ठोकतो आणि हळूहळू ओसरतो. त्रास किमान चोवीस तास सलग हवा आणि त्या वेळी ताप किंवा संसर्ग नसावा, तरच डॉक्टर त्याला हल्ला म्हणतात. दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं येणाऱ्या मुंग्यांना ते नाव सहसा मिळत नाही.

ताप नसावा, यालाही कारण आहे. वेष्टन गेलेल्या तंतूला उष्णता सोसत नाही. जुना, बरा झालेला त्रास गरम पाण्याने अंघोळ केल्यावर किंवा उन्हातून चालत आल्यावर तासाभरापुरता परत डोकावतो. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये श्रमानंतर नजर अशीच तात्पुरती मंदावते हे नोंदवलं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात असा रुग्ण घाबरून दवाखाना गाठतो, पण तो नवा हल्ला नसतो.

अनेकदा ज्या जागी हा रोग पहिल्यांदा ओळखता येतो ती जागा म्हणजे डोळा, म्हणून तिथे जरा थांबू. विशी-तिशीतली बाई सांगते, दोन दिवसांपासून एका डोळ्याने धूसर दिसतंय आणि बुबुळ फिरवलं की आत दुखतं. डॉक्टर काय करतात? साध्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण आधी चांगल्या डोळ्यासमोर धरतात, मग दुखऱ्या डोळ्यासमोर. दुखऱ्या डोळ्याला तेच लाल विटकं, वीटकरी दिसतं. मग खोलीत अंधार करून टॉर्च. चांगल्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकुंचन पावतात. तोच टॉर्च झटकन दुसऱ्या डोळ्यावर नेला की आकुंचन पावायच्या ऐवजी बाहुल्या मोठ्या होतात, कारण त्या नसेतून उजेडाची वर्दी मेंदूकडे पुरती पोचतच नाही. हे नाटक करून दाखवता येत नाही. ‘हिला काही झालेलं नाही, टेन्शन घेते’ असा शेरा घरातून मिळालेल्या कित्येक मुलींची बाजू या टॉर्चने घेतली असेल.

नजर सुधारल्यावरही पुरावा मागे राहतो. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी अदलाबदल करत दाखवायच्या आणि डोक्यामागे लावलेल्या तारांनी मेंदूचा प्रतिसाद मोजायचा, अशी एक तपासणी आहे. प्रतिसाद साधारण 100 मिलिसेकंदांनी यावा लागतो. मायलिन गेलेल्या नसेतून तो उशिरा येतो आणि हा उशीर नजर परतल्यावरही टिकतो. रुग्ण पाय जड झाले म्हणून आला असला आणि या तपासणीत एका डोळ्याचा प्रतिसाद रेंगाळला, तर दुसरी जागा सापडते.

आता फिल्मकडे. मेंदूतले पांढरे ठिपके ही फार सवंग गोष्ट आहे. अर्धशिशीत ते दिसतात, रक्तदाब, मधुमेह, सिगारेट, नुसतं वय यांनीही होतात. प्रश्न असतो तो ठिपका कुठे बसला आहे आणि त्याचा आकार काय, हा. अर्धशिशीचे किंवा रक्तदाबाचे ठिपके लहान असतात, मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात विखुरलेले. एमएसचे ठिपके लांबट, तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठे. मेंदूच्या मध्यभागी पाण्याच्या ज्या पोकळ्या असतात त्यांना ते चिकटून, काटकोनात उभे राहतात. बाजूने घेतलेल्या चित्रात पोकळीच्या कडेवरून बोटं वर आल्यासारखी दिसतात. एडिंबराच्या जेम्स डॉसन यांनी 1916 मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली रचना हीच. लहान शिरांभोवती दाह होतो आणि शिरा पोकळीकडे तशाच उभ्या जातात, म्हणून हा आकार. आताच्या ताकदवान एमआरआयवर ठिपक्याच्या ऐन मध्यातून जाणारी ती शीरही दिसू शकते.

ठिपके कुठे असावेत याचे नियम आहेत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये काम केलेले इयान मॅकडोनाल्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते 2001 मध्ये घालून दिले. 2017 च्या आवृत्तीत चार जागा आहेत: पोकळ्यांच्या कडेला, मेंदूच्या सालीला लागून, देठात किंवा लहान मेंदूत, आणि मज्जारज्जूत. यांतल्या किमान दोन जागी ठिपके हवेत. वेळेचा पुरावा मिळवण्याची युक्ती छान आहे. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देऊन फिल्म काढली की ताजा ठिपका उजळतो. हा ताजेपणा काही आठवडेच टिकतो. एकाच फिल्मवर एक ठिपका उजळला आणि शेजारचा नाही, म्हणजे दोघांचा जन्म वेगवेगळ्या वेळचा. तसं न दिसल्यास काही महिन्यांनी पुन्हा फिल्म काढून नवा ठिपका उगवला का ते पाहतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ताज्या आवृत्तीने डोळ्याची नस ही पाचवी जागा मानली, ठिपक्यातल्या शिरेला पुराव्याचा दर्जा दिला आणि काही परिस्थितींत वेळेच्या पुराव्याची सक्ती शिथिल केली. पन्नाशीपुढच्या आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांबाबत मात्र जास्त सावध राहायला सांगितलं, ते योग्यच.

पण मॅकडोनाल्डचे नियम मुळात केले होते ते एमएसला शोभेल असा हल्ला ज्याला येऊन गेला आहे त्याच्यासाठी. डोकेदुखीसाठी किंवा सहज म्हणून काढलेल्या फिल्मवर ते लावले की फसगत ठरलेली. लॉस एंजेलिसच्या दोन केंद्रांकडे एमएसचं निदान घेऊन आलेल्या 241 रुग्णांची फेरतपासणी करून 2019 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी निष्कर्ष मांडला: 43 जणांना, म्हणजे जवळपास 18 टक्क्यांना, एमएस नव्हताच. त्यांच्यात सर्वाधिक आढळलेलं खरं कारण होतं अर्धशिशी. अमेरिकेत, भरपूर यंत्रं आणि तज्ज्ञ हाताशी असताना ही गत. तुमच्या भाचीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी अर्धशिशीचं नाव घेतलं ते काही उडवाउडवीचं नव्हे.

आपल्याकडे अर्धशिशीइतकेच आणखी काही आजार एमएसची सोंगं घेतात. त्यातला पहिला, आणि माझ्या लेखी सर्वांत आधी तपासायचा, म्हणजे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी घरांत ती सर्रास असते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. मज्जारज्जूचा मागचा भाग त्यात झिजतो. मान पुढे वाकवली की पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखं होणं ही एमएसची गाजलेली खूण इथेही मिळते. फरक असा की बी-12 चा त्रास दोन्ही पावलांपासून सारखाच सुरू होतो. रुग्ण सांगतो, पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं, बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. एक अडचण खास आपल्याकडची: अशक्तपणा वाटला की ‘ताकदीचं लाल इंजेक्शन’ टोचून घ्यायची सवय. ते लाल इंजेक्शन बी-12 चंच असतं. नंतर रक्त तपासलं तर पातळी झकास येते आणि खरा दोष झाकला जातो. अशा वेळी होमोसिस्टिन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल यांच्या चाचण्या उपयोगी पडू शकतात. आधी काय टोचून घेतलं आहे ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

दुसरा आजार म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, थोडक्यात एनएमओ. फ्रान्समध्ये ल्योंच्या यूजेन देविक यांनी तो 1894 मध्ये वर्णिला आणि पुढे शंभर वर्षं लोक त्याला एमएसचाच एक प्रकार समजत राहिले. 2004 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तात एक खास अँटिबॉडी शोधली. पेशींत पाण्याची ये-जा घडवणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन-4 या प्रथिनावर ती हल्ला करते. म्हणजे तुम्ही मागता तशी सरळ रक्ततपासणी एमएसला नसली तरी त्याच्या या तोतयाला आहे. इथे डोळ्यांवरचा घाला जबर असतो, कधी दोन्ही डोळ्यांवर, आणि नजर पुरती परतत नाही. मज्जारज्जूतला डाग तीन किंवा त्याहून अधिक मणक्यांइतका लांब पसरतो. एमएसचा सहसा दोन मणक्यांच्या आत आटोपतो. आणखी एक खूण म्हणजे दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि ओकाऱ्या. उचकी लागली की आपण ‘कोणीतरी आठवण काढतंय’ म्हणून पाणी पितो. ती थांबली नाही तर पोटाच्या डॉक्टरांकडे जातो, एंडोस्कोपी होते, काही सापडत नाही. दोष असतो तो मेंदूच्या देठातल्या ओकारीच्या केंद्रात. हा भेद नुसता पुस्तकी नाही. एमएसवरची काही औषधं, जसं बीटा इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोड, एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार बळावतो. एमएसचं औषध सुरू करण्यापूर्वी ही शंका दूर करायलाच हवी.

मॉग या मायलिनमधल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीने होणारा आजार त्याच कुळातला. तो मुलांत आणि तरुणांत जास्त दिसतो, दोन्ही डोळे एकदम धरतो, स्टिरॉइडने झपाट्याने उतरतो आणि पुढच्या फिल्ममध्ये ठिपके चक्क गायब झालेले असतात. मात्र याची तपासणी सरसकट करू नये. किंचित पॉझिटिव्ह रिपोर्ट खऱ्या एमएसमध्येही येतो आणि गोंधळात भर पडते.

लहान मुलांत ताप-पडशानंतर एकाएकी झोपाळूपणा, झटके आणि मेंदूभर मोठे ठिपके, असा एडेम नावाचा प्रकार होतो. पण तो बहुधा एकदाच येतो. कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली पिढी अजून आपल्यात आहे. ती लस डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला तयार केलेल्या पद्धतीची होती आणि आपल्याकडे मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. त्यातल्या परक्या मायलिनमुळे काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर उलटे आणि नेमकं एडेमसारखं दुखणं होई. प्रतिकारशक्ती मायलिनवर उलटू शकते, याचा एक जुना पुरावा म्हणजे ही लस. आता ती बंद झाली आहे.

मग क्षय. मणक्याच्या क्षयाने मज्जारज्जू दबून पाय जातात, मेंदूत क्षयाच्या गाठी होतात, आणि क्षयावरच्या एथॅम्ब्युटॉल या औषधानेही दोन्ही डोळ्यांची नजर कमी होते, पण न दुखता. ल्युपस, सारकॉइड, गरमी, एचआयव्ही हेही यादीत आहेत. मानेचे मणके झिजून नस दबणं तर घरोघरी. प्रत्येकाच्या मागे धावायचं कारण नाही. कहाणी आणि तपासणी ज्या दिशेने बोट दाखवेल तिकडेच चाचण्या कराव्यात.

राहता राहिला तुमच्या भाचीचा प्रश्न. पत्रावरून निदान करणं हा आगाऊपणा ठरेल. पण मुंग्या तासाभरात जात असतील, हातोडीने केलेली तपासणी सर्वसाधारण असेल आणि ठिपके पोकळ्यांपासून दूर असतील तर पारडं दुसऱ्या डॉक्टरांकडे झुकतं. पहिल्यांची शंका उरलीच तर मानेच्या आणि पाठीच्या मज्जारज्जूचा एमआरआय करून घ्यावा. अर्धशिशी, वय किंवा रक्तदाब यांनी मेंदूत ठिपके होतात, मज्जारज्जूत जवळपास कधीच नाही. तिथे एमएसच्या धाटणीचा डाग निघाला तर बोलणं बदलतं.

प्रश्न : हा थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा रोग ना? आपल्याकडे इतका का ऐकू येऊ लागला?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : थंड देशांत तो जास्त आहे, हे खरं. पण ‘भारतात नाहीच’ हा समज मुंबईतच डळमळला. प्रख्यात न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजाची पाहणी केली. लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले, म्हणजे तेव्हा भारतात समजलं जाई त्याच्या कितीतरी पट. 1990 मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाकी समाजातही एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी पोचला, न्यूरॉलॉजिस्ट वाढले आणि पूर्वी ‘नस दबली’, ‘बाहेरचं काही आहे’ म्हणून घरी पडून राहिलेले रुग्ण मोजले जाऊ लागले. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाण बायकांत आहे आणि सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते.

प्रश्न : पाठीतलं पाणी काढून तपासायला सांगितलं आहे. त्याने कायमचं लुळेपण येतं असं ऐकलं. टाळता येईल का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ती सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली घालतात. तिथे टोचायला मज्जारज्जू नसतोच, म्हणून लुळेपणाची भीती निराधार आहे. काहींना दोन-चार दिवस उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. बारीक सुयांमुळे तेही कमी झालं आहे. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड्स म्हणजे प्रथिनांच्या रेघा शोधतात. रक्तात नाहीत पण पाण्यात आहेत, असं दिसलं तर दाह मज्जासंस्थेच्या आतच चालू असल्याचं कळतं, आणि 2017 पासून हा निष्कर्ष वेळेच्या पुराव्याऐवजी धरता येतो. पाश्चात्त्य देशांत दहापैकी जवळपास नऊ एमएस रुग्णांत या रेघा मिळतात, भारतीय रुग्णांत त्याहून कमी. तेव्हा रेघा नाहीत म्हणून एमएस नाही, असं मात्र समजू नये. क्षय किंवा इतर संसर्गाची शंकाही त्याच नमुन्यातून फिटते. डॉक्टर सांगत असतील तर टाळू नका.

प्रश्न : निदान पक्कं होईपर्यंत स्टिरॉइड घेऊन पाहिलं तर? फरक पडला म्हणजे एमएस, असं म्हणता येईल ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. स्टिरॉइडने एमएस, एनएमओ, मॉग, सारकॉइड हे सगळेच उतरतात. मेंदूतला लिम्फोमा हा कर्करोगही काही आठवडे विरघळल्यासारखा होतो आणि मग तुकडा काढूनही तो सापडत नाही. फरक पडला एवढ्यावरून नाव ठरत नाही. मात्र हल्ला जोराचा असेल, एका डोळ्याची नजर गेली असेल किंवा पाय उचलत नसतील, तर निदानासाठी वाट पाहू नये. आधी रक्ताचे नमुने काढून ठेवावेत आणि त्याच दिवशी शिरेतून उपचार सुरू करावेत. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने कमी डोसाच्या गोळ्या आणू नका. डोळ्याच्या नसेच्या दाहावर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या तोंडी नेहमीच्या डोसाने त्रास उलटून येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. त्याच चाचणीचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा सांगतो की पहिल्या वेळी मेंदूची फिल्म स्वच्छ होती अशांपैकी एमएस झाला तो 25 टक्क्यांना, एकतरी ठिपका होता अशांपैकी 72 टक्क्यांना.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, सगळ्या एमआरआयच्या सीडी न्या, जुन्याही. सोबत एका पानावर तारखा लिहा: काय झालं, किती दिवस टिकलं, केव्हा ओसरलं, त्या वेळी ताप होता का, कोणती इंजेक्शनं घेतली. आणि निदान पक्कं झालंच तर हेही माहीत असू द्या: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. अपंगत्व निर्माण झालं असेल तर त्याच्या प्रमाणानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई आणि पुण्यात शाखा आहेत, तिथे रुग्ण आणि घरचे दोघांशीही बोलणारी माणसं भेटतात.